त्रेचाळीस नंबर

आप्पांचा उजवा कान तोफखान्याने नेला. १९७१ च्या युद्धात ते २५ पाउंडर तोफेवर होते. कानात कापसाचे बोळे कोंबायचे आणि तोंड उघडं ठेवायचं, एवढाच बंदोबस्त. डावा कान आता वय नेतंय.

ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेला, मी नावं ठेवणार नाही. १ एप्रिल २००३ पासून ही योजना नसती, तर आप्पांची अँजिओप्लास्टी माझ्या पगारात बसली नसती. १९९६ च्या आधी रिटायर झालेल्यांना वर्गणीही माफ आहे, आप्पा १९९० चे. एरवी योजनेच्या दवाखान्यातून, म्हणजे पॉलिक्लिनिकमधून, रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी) घेऊन पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात जायचं, बिल परस्पर योजनेकडे जातं. अँजिओप्लास्टीच्या रात्री रेफरल नव्हतं, इमर्जन्सी म्हणून कार्डावर घेतलं.

माझं भांडण आहे ते नंबराशी.

पॉलिक्लिनिकला जायला धनकवडीहून आम्ही सकाळी साडेसहालाच रिक्षा करतो. आप्पा आदल्या रात्री दाढी करतात, बुटांना पॉलिश करतात. जणू सकाळी परेडचं फॉल-इन आहे. टोकन मिळतं. मग खिडकीतला मुलगा एकदाच, मान खाली घालून, नंबर पुटपुटतो. समोर कोण बसलंय? निम्मे तोफखान्यातले, उरलेले सत्तरीपार. गेल्या महिन्यात मी कार्डाची झेरॉक्स काढायला बाहेर गेले आणि तेवढ्यात आमचा त्रेचाळीस होऊन गेला. परत आले तेव्हा एकावन्न चालू होता. आप्पा ताठ बसलेले, टोकन दोन बोटांत धरलेलं. "अजून आला नाही," म्हणाले. खिडकीवर सांगितलं तर, "आजोबांनी लक्ष द्यायला हवं ना, मॅडम."

बँकेत, पासपोर्टला, अगदी आमच्या दातांच्या डॉक्टरकडेही लाल आकड्यांचा बोर्ड असतो. इथेच का नसावा?

घरबसल्या सल्ला मिळावा म्हणून सेहत ओपीडी ही ऑनलाइन सेवा आहे, २०२१ च्या मे महिन्यात सुरू झालेली. व्हिडिओवर सेनेचे डॉक्टर भेटतात, सोय झकास. पण डॉक्टर बोलणार, मी ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहिणार, आप्पा चष्मा शोधून वाचणार आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देणार. डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला साफ होते का?" वाचून होईपर्यंत आप्पांनी आधीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, "रोज दोन किलोमीटर." डॉक्टर हसले, आप्पांनाही हसू आलं, कशाचं ते न कळता.

कानाचं मशीनही योजनेतूनच मिळालं. ते घरी कपाटात असतं. "गर्दीत शिट्टी मारतं," म्हणतात. त्यांचं खोटं नाही. माप नीट बसवून घ्यायला आणखी दोन फेऱ्या हव्यात, आणि फेरी म्हटलं की पुन्हा तोच नंबर.

परवा मात्र गंमत झाली. कराडकडचे एक सुभेदारसाहेब शेजारी बसले होते, काठी, पांढऱ्या मिशा. दोन नंबर असेच वाया गेलेले बघून ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि मुलगा पुटपुटला की परेडच्या आवाजात ओरडायला लागले: "नंबर अठ्ठावीस! खिडकीपुढं!" अख्खा हॉल दणाणला. मुलगा गोरामोरा झाला, पण गप्प राहिला. एकतीस ऐकताच आप्पा ताडकन उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "हाजिर, साब!"

गोळ्यांच्या खिडकीवर मात्र पाचातल्या दोन नव्हत्याच. त्यासाठी पुन्हा गुरुवारी.