'वुई' म्हणजे नक्की कोण?

बर्लिनला येऊन दोन वर्षं होत आली, तरी पुण्याहून मेसेज येतच असतात, "ताई, तिकडचे सॉफ्टवेअरचे इंटरव्ह्यू कसे असतात?" तिकडचे कसले, माझा शेवटचा राऊंड झाला तो कोथरूडच्या आमच्या घरात, आईच्या शिवणमशीनवर लॅपटॉप ठेवून.

ऑक्टोबरमधला शेवटचा सोमवार होता. त्यांचे दुपारचे २, म्हणजे साडेतीन तास मिळवून आपले साडेपाच. कुर्ता इस्त्री करून, केस विंचरून बसले. समोर कुणीच नाही. युरोपात आदल्याच दिवशी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, घड्याळं एक तास मागे गेली होती आणि फरक साडेचार तासांचा झाला होता. तासभर नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

त्याआधीचे माझे इंटरव्ह्यू सगळे हिंजवडीच्या आयटी पार्कमधले. वाकडच्या पुलाखाली अडकायचं, घामेजून पोचायचं, मग लिंक्ड लिस्ट (एकाला एक जोडलेली डेटाची साखळी) उलटी करून दाखवायची. शेवटी एचआरचा ठरलेला पाढा: करंट सीटीसी (म्हणजे वर्षाचा एकूण पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी, तीन सॅलरी स्लिप, नोटिस पिरियड ९० दिवस, बायआऊट, म्हणजे पैसे भरून त्यातून सुटका, होईल का? बर्लिनवाल्यांनी फक्त अपेक्षित पगार विचारला. (युरोपियन युनियनच्या २०२३ च्या निर्देशात तर उमेदवाराला जुना पगार विचारायलाच मनाई आहे. आपल्याकडे कधी येतंय कोण जाणे.)

एलआरयू कॅशे (जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं आधी काढून टाकणारा साठा) मी अगदी तोंडपाठ केला होता, हॅशमॅप आणि दुहेरी लिंक्ड लिस्टसकट. विचारलाच नाही. बिलाची बेरीज करणारा एक कोड उघडून दिला आणि म्हणाले, वाच, काय खटकतं ते सांग. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अंदाजे साठवतो अशा दशांश संख्यांत, ठेवले होते. ०.१ आणि ०.२ मिळवले की कॉम्प्युटर ०.३०००००००००००००००४ म्हणतो. म्हटलं, युरो नका मोजू, सेंट मोजा, पूर्णांकात. आपल्या किराणावाल्याच्या वहीत पूर्वी पै-पैचा हिशेब असायचा, तसंच. (हे शेवटचं मनातल्या मनात.)

गाडी अडली ती पुढे. आधीच्या नोकरीतला अवघड प्रसंग सांग म्हणाले. एका रात्री डेटाबेसची कनेक्शन्स संपून सगळं ठप्प झालं होतं. एरर आली की कोड कनेक्शन परतच करत नव्हता. मी सांगायला लागले: वुई चेक्ड, वुई फाऊंड, वुई फिक्स्ड. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी शांतपणे थांबवलं. "वुई म्हणजे कोण? तू काय केलंस?" दोन वाक्यं झाली, पुन्हा वुई. तिसऱ्यांदा त्यांनाच हसू आलं.

मराठीत निदान 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. पण हा माझा वुई त्या दोन्हींत बसत नव्हता. तो लाजलेला 'मी' होता. मी-मी करू नये, हे आपल्यात अक्षर ओळखायच्या आधी शिकवतात. हिंजवडीत हा वुई बिनबोभाट खपायचा, उलट 'टीम प्लेअर' म्हणून मार्क मिळायचे. शेवटी 'आय' म्हणाले तेव्हा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी माइक तपासायला सांगितलं.

कॉल संपला तशी आई ओट्याजवळून ओरडली, "त्या रात्री एकटीच जागत होतीस ना गं? मग हे वुई वुई कोण?"

"दोन वाजता चहा कुणी करून दिला होता?" मी म्हटलं.