राजहंसगडाच्या उतारावर ग्लायडरचं चित्रीकरण: माग काढणारा कॅमेरा लांबच ठेवा

बेळगावहून वडगाव, येळ्ळूर आणि पुढे राजहंसगड. गाडी गडापर्यंत जाते, त्यामुळे ट्रायपॉड, बॅटऱ्या आणि दोन मीटर पंखांचा फोमचा रिमोट ग्लायडर डोक्यावरून वाहून न्यावा लागत नाही. हा वृत्तांत एप्रिलअखेरच्या दोन दुपारांचा. पहिली दुपार जवळजवळ वाया गेली, दुसरीत वापरता येईल असं चित्रण मिळालं. दोन्ही दिवशी यंत्र, म्हणजे ग्लायडरच्या मागे आपोआप फिरणारा कॅमेरा, तेच होतं. बदलली ती फक्त कॅमेऱ्याची जागा.

आधी परवानगीचं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर उडवायची नेमकी जागा तपासा. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर, आणि त्यापलीकडे हिरव्या भागात ४०० फुटांच्या वर. कॅम्पाच्या, म्हणजे लष्कराच्या हद्दीच्या आसपास ग्लायडर पिशवीतूनही काढू नका. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शिवरायांचा पुतळा आहे, रविवारी तोबा गर्दी असते. उडवायचं ते गडाखालच्या मोकळ्या उतारावर, आडवारी, आणि येळ्ळुरात कुणाला तरी सांगून.

मार्च ते मे दुपारी दोननंतर पश्चिमेचा वारा लागतो. तो उताराला आदळून वर चढतो आणि ग्लायडर त्याच पट्ट्यात तासभर येरझाऱ्या घालतो. सेकंदाला ५ ते ८ मीटर वारा पुरे. घारी कड्यासमोर पंख न हलवता तरंगत असतील तर वाऱ्याचं मीटर काढायची गरजच नाही. पूर्वेला ढग काळे व्हायला लागले की मात्र आवरतं घ्या. वळीव येतो तो आधी धुळीचा लोट घेऊन.

आता यंत्र. आकाशातला ठिपका चित्रावरून ओळखून मागे फिरणारे कॅमेरे इथे कुचकामी ठरतात. ग्लायडर क्षितिजाखाली गेला, की मागच्या शेतांत तो हरवतो आणि कॅमेरा घारीच्या मागे लागतो. खात्रीचा मार्ग जीपीएसचा. ग्लायडरमध्ये जीपीएस, छोटा फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारं सर्किट) आणि स्थान जमिनीवर कळवणारा टेलिमेट्री रेडिओ. जमिनीवर आर्डूपायलट या खुल्या उड्डाणप्रणालीचं अँटेना ट्रॅकर, म्हणजे अँटेना विमानाकडे वळवत ठेवणारं फर्मवेअर घातलेला दुसरा कंट्रोलर, आडव्या-उभ्या फिरण्यासाठी दोन सर्व्हो मोटरा, आणि अँटेनाच्या जागी कॅमेरा. ग्लायडरमधलं सामान ६० ते ८० ग्रॅममध्ये बसतं; ते नाकाकडे ठेवा आणि तिथलं तोलासाठीचं शिसं तेवढं कमी करा. रेडिओ घेताना ९१५ मेगाहर्ट्झचा संच स्वस्त दिसतो, पण आपल्याकडे ती पट्टी खुली नाही. ८६५ ते ८६७ चा किंवा २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. कार्बनच्या बॉडीत जीपीएस आंधळं होतं, फोमला ती अडचण नाही.

सर्व्होच्या दातांत एखादा अंश ढिलाई असतेच. २०० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट फुलफ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम १० अंश रुंद, म्हणजे नुसत्या ढिलाईने चित्र चौकटीच्या दहाव्या भागाइतकं हिंदकळतं. उपाय चार रुपयांचा: टेलरकडचं रुंद इलॅस्टिक प्लेटच्या एका बाजूला ताणून बांधायचं, म्हणजे दात सतत एकाच बाजूला टेकून राहतात. कॅमेऱ्याचा तोल उभ्या फिरण्याच्या आसावरच येऊ द्या, नाहीतर सर्व्हो वजन पेलण्यातच दमतो. प्लेट आणि बेअरिंगची बैठक उद्यमबागेतला, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला, कुठलाही लेथवाला करून देईल. फोनच्या पॉवरबँकवर कंट्रोलर चालवू नका. विजेची ओढ कमी आहे असं पाहून ती मध्येच स्वतः बंद होते. सर्व्होंना ६ व्होल्ट, ५ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या.

पहिल्या दिवशी कॅमेरा उडवणाऱ्याच्या शेजारी होता, ग्लायडरपासून ५०-६० मीटरवर. मनाला वाटतं, जवळून चांगलं दिसेल. हिशेब उलट आहे. ग्लायडरचा वेग सेकंदाला १५ मीटर धरा. जीपीएसची चूक अडीच मीटर, आणि रेडिओपासून सर्व्होपर्यंतचा उशीर अर्धा सेकंद, म्हणजे आणखी साडेसात मीटर. ६० मीटरवरून ही चूक साडेनऊ अंशांच्या घरात जाते, आणि चौकटीच्या मध्यापासून कडेपर्यंत जागा पाचच अंश. ग्लायडर निघून गेला की रिकाम्या आभाळाचं चित्रण. तीच चूक २०० मीटरवरून तीन अंशांच्या आत राहते. त्या अंतरावर चौकट ३६ मीटर रुंद दिसते. फोर-के मध्ये दोन मीटरचा ग्लायडर सुमारे २१० पिक्सेल भरतो, मग घरी येऊन कापून फुल एचडी काढायचं. लेन्स वाढवायचा मोह आवरा. ४०० मिलिमीटर लावली की पुन्हा पहिल्या दिवसाचीच गत.

म्हणून दुसऱ्या दिवशी कॅमेरा उताराच्या उत्तर टोकाला, २०० मीटरवर गेला. उत्तर टोकच का? पश्चिमेचा उतार, पश्चिमेचा वारा आणि दुपार सरलेली, म्हणजे सूर्य नेमका समोर. एप्रिलअखेर तो थोडा उत्तरेकडे कलून मावळतो. उत्तर टोकावरून नैऋत्येकडे पाहिलं तर तो उजव्या हाताला, चौकटीबाहेर राहतो. तरी ‘पिच मॅक्स’, म्हणजे कॅमेरा वर वळण्याची ट्रॅकरमधली मर्यादा, ६० अंशांवर अडवा. या दिवसांत भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, आणि लांब लेन्स सूर्यावर रोखून थांबली तर सेन्सर जळतो. ग्लायडर कायम उतारासमोरच असल्याने १८० अंश फिरणारा सर्व्हो पुरतो. त्याचा मध्य उडण्याच्या पट्ट्याच्या मध्यावर आणा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दिशेने. इथला काळा पाषाण लोहयुक्त, होकायंत्र त्यावर बहकतं. ट्रायपॉड हातभर सरकवला तरी दिशा चार-पाच अंशांनी बदलत होती. होकायंत्रावर विसंबू नका. एकाने ग्लायडर घेऊन २०० मीटरवर उभं राहायचं, दुसऱ्याने तो चौकटीच्या मध्यावर येईपर्यंत ट्रॅकरमधले ‘यॉ ट्रिम’ (आडवी दुरुस्ती) आणि ‘पिच ट्रिम’ (उभी दुरुस्ती) बदलायचे. त्याआधी दोन्हीकडची जीपीएस दहा मिनिटं उघड्यावर स्थिरावू द्या. जागा बदलली की हे सगळं पुन्हा.

आणखी दोन गोष्टी. ट्रॅकरमधला ‘मॅव्ह अपडेट रेट’ मुळात १ असतो, म्हणजे स्थान सेकंदाला एकदाच मागवलं जातं आणि कॅमेरा झटके देत फिरतो. तो ५ करा. उंचीसाठी जीपीएसपेक्षा कंट्रोलरमधलं हवेचा दाब मोजणारं बॅरोमीटर बरं, पण कंट्रोलरवर वाऱ्याचा झोत थेट येऊ देऊ नका. बॅरोमीटरच्या भोकावर स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर प्रत्येक झुळुकीला कॅमेरा मान डोलावतो.

फोकस हाताने. ऑटोफोकस निळ्या आभाळात काहीच न सापडून मागेपुढे होत राहतं. २०० मिलिमीटर, एफ ८ वर सुमारे १७० मीटरवर फोकस लावला, की ८५ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. शटर १/१००० आणि एक्स्पोजर हातानेच, एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. नाहीतर उजळ आभाळापुढे ग्लायडर नुसता काळा.

ग्लायडर कड्याच्या कडेखाली उतरला की मध्ये डोंगर येतो आणि टेलिमेट्री तुटते. कॅमेरा शेवटच्या जागी बघत बसतो. रेडिओची अँटेना तीन मीटरच्या काठीवर, अगदी कडेला लावल्यावर हे बरंच कमी झालं. तरी एकदा वारा पडला आणि ग्लायडर खाली शेतांत गेला. शेवटचं स्थान फोनवर होतं, पण त्याआधीच बांधावरच्या बाईंनी हाक दिली, “विमान हुडकायलाय काय? तिकडं बांधापलीकडं पडलंय बघा, पोरं हात लावतील.” शेतात पाय टाकण्याआधी विचारा, आणि भाजीच्या वाफ्यांतून नको, बांधावरूनच जा.