यू नसलेला क्यू

दिवाळीच्या सुट्टीत मुलीशी स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळताना मी 14 गुणांनी हरलो. शेवटी माझ्या फळीवर एकच टाइल उरली होती, क्यू. एकाच्या सगळ्या टाइल संपल्या की दुसऱ्याकडे उरलेल्या टाइलचे गुण त्याच्या खात्यातून वजा होतात आणि संपवणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. क्यू 10 गुणांचा, म्हणजे फरक 20 चा पडला. तो एक क्यू कुठे खपला असता तर डाव माझा होता.

"बाबा, खेळातले चारही यू कधीच पटावर लागले होते. तू कशाची वाट बघत होतास?" मुलगी म्हणाली.

मी यूचीच वाट बघत होतो. मराठी माध्यमात शिकलो, इंग्रजी पाचवीपासून. क्यू आला की पाठोपाठ यू येणारच, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते तसंच राहिलं होतं. त्या रात्री ठरवलं, क्यू असलेले पण त्यापुढे यू नसलेले शब्द शोधून काढायचे.

आधी घरातला जाडजूड शब्दकोश काढला. क्यूची पानं मोजकीच, ती तासाभरात संपली. त्यातून पाच-सहा शब्द मिळाले. पण शब्दाच्या पोटात किंवा शेवटी क्यू असेल तर? शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो, मधल्या अक्षराने नाही. तसं शोधायचं तर ए ते झेड सगळी पानं वाचायला हवीत. दोन रात्री तोही प्रयत्न केला आणि बीमध्येच थांबलो.

मग ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने वाट दाखवली. लिनक्स या संगणक प्रणालीवर इंग्रजी शब्दांची एक साधी फाइल मिळते, एका ओळीत एक शब्द. ग्रेप ही आज्ञा त्या फाइलमधून हवं ते अक्षर असलेल्या ओळी निवडते, आणि उणे-व्ही जोडलं की नको त्या ओळी गाळते. मी क्यू असलेले शब्द निवडले आणि यू असलेले गाळले. छोटी यादी आली. ती मुलीला दाखवली तर तिने लगेच विचारलं, "यात बुरखा कुठंय?" इंग्रजीत बुरखा बी-यू-आर-क्यू-ए असा लिहितात. यू आहे, पण क्यूच्या आधी. अरबी बाजाराला सूक म्हणतात, एस-यू-क्यू, तोही असाच गळाला होता. मला यू नको नव्हता, क्यूला चिकटलेला यू नको होता. आज्ञा बदलली, फक्त 'क्यूयू' ही जोडी गाळली आणि यादी नीट आली. इराक, कतार अशी नावं हाताने खोडली, कारण विशेषनामं स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत. उरलेला एकेक शब्द कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीशी, म्हणजे खेळात चालणाऱ्या शब्दांच्या यादीशी, ताडून पाहिला.

आणि मग ती यादी मी मोठ्याने वाचली. काजी, क्यू-ए-डी-आय. फकीर, एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक. निकाब. किब्ला. कव्वाली. हे शब्द मी इंग्रजी म्हणून कधी शिकलोच नव्हतो, ते मला लहानपणापासून येत होते! अरबीत काफ नावाचं एक वेगळं, घशातून येणारं अक्षर आहे. मराठीत त्याचा साधा क झाला, बुरख्यात ख झाला, आणि इंग्रजीत ते दाखवायला क्यू वापरला गेला. यूची सक्तीही इंग्रजीची मूळची नाही. जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. 1066 नंतर नॉर्मन आले आणि त्यांच्या फ्रेंच वळणाने क्यूयू रुजला. ज्या शब्दांत क्यूपुढे यू नाही, ते बहुतेक त्या वाटेने आलेलेच नाहीत.

एका शब्दाशी मात्र बराच वेळ थांबलो. क्यू-ए-एन-ए-टी, कनात. मला वाटलं, मांडवाला लावतो ती कापडाची कनात. अर्थ पाहिला तर निघाला जमिनीखालून पाणी नेणारा कालवा, इराणी पद्धतीचा. उताराच्या अंदाजाने खणलेला बोगदा आणि मध्ये मध्ये वर उघडणाऱ्या विहिरी. माझं बालपण औरंगाबादला गेलं. मलिक अंबरने 17 व्या शतकाच्या सुरुवातीला शहरासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. शाळेच्या सहलीत पाणचक्की पाहिली, नहरींबद्दल ऐकलं, पण त्या बांधणीला जगात एक नाव आहे आणि ते इंग्रजी शब्दकोशात आहे, हे मला पन्नाशीत एका टाइलमुळे कळलं. शब्द अक्षरांवरून शोधायला निघालो होतो आणि पोचलो गावच्या पाण्यापाशी. त्या रात्री झोप लागेना.

पाठांतराला मी वही केली. अर्थांप्रमाणे नाही, तर क्यूसोबत फळीवर काय हवं त्याप्रमाणे. नुसता आय असेल तर 'ची', क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू असलेला दोन अक्षरी शब्द हा एवढाच. ए आणि टी असतील तर कात, म्हणजे येमेनमध्ये चघळतात तो पाला. ए, डी, आय असतील तर काजी. रोज सकाळी चहा होईपर्यंत एक पान. अक्षरं उलटसुलट लिहून शब्द ओळखायचा. पहिला आठवडा जड गेला, कारण डोळा अर्थ शोधत होता. नंतर तो अक्षरं बघायला लागला.

संक्रांतीला मुलगी परत आली. तिसऱ्या डावात क्यू माझ्याकडे आला, यू नव्हता. फळीवर ए आणि डी होते, पटावर एक आय मोकळा होता. काजी लावला, 14 गुण. तिने यादी तपासली, वही मागितली आणि जाताना तिचे फोटो काढून नेले.

आता व्ही घेतला आहे. कॉलिन्सच्या 127 दोन अक्षरी शब्दांत व्ही असलेला एकही नाही, त्यामुळे तोही शेवटी फळीवर अडकतो. कालच वीणा सापडली. व्ही-ई-ई-एन-ए असंही चालतं आणि व्ही-आय-एन-ए असंही.