माय-आप्पांना समुद्रावर कसं नेलं

लग्नाच्या पंगतीत, अमळनेर स्टेशनवर गाडीची वाट बघताना, दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना ओळखीची माणसं हटकून विचारतात, "तुमचे आई-वडील एवढे थकलेले, त्यांना तुम्ही थेट समुद्रापर्यंत, दीवच्या बेटापर्यंत कसं नेलंत? आमचे तर ओटा सोडायला तयार नाहीत." उभ्या उभ्या हे सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी त्यांच्या मनातलं कारण शोधा. गाडी, खोली, गोळ्या हे सगळं मागाहून. आपल्याकडची सत्तरीपुढची माणसं 'फिरायला' म्हणून घराबाहेर पडत नाहीत. लग्नाला जातात, दारावर (कुणी गेलं की सांत्वनाला) जातात, सप्तशृंगीला जातात, पंढरीला जातात. नुसता वारा खायला चार दिवस कुठे जाऊन बसायचं, हे त्यांच्या हिशेबात कधी आलेलंच नसतं. "समुद्र बघायला चला" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आते कसाले?" आमच्या आप्पांनीही तेच म्हटलं. वर गुडघे, शेत, खर्च ही तीन कारणं जोडली.

आप्पांचं शेत चोपडा तालुक्यात, तापीच्या काठाला. तिच्या पाण्यावर त्यांनी केळी काढली, तिच्या पुरात बांध वाहून गेलेले बघितले, आजोबांच्या अस्थी तिच्यातच सोडल्या. एकदा जेवताना मी सहज विचारलं, "आप्पा, आपली तापी समुद्राला मिळते ती जागा तुम्ही बघितली आहे का?" घास हातात तसाच धरून म्हणाले, "कोठे मिळस ती?" मुलताईला उगम, तिथून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपुढे डुमसजवळ समुद्र, हे मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. मायचं कारण वेगळं होतं. तिला सोमनाथाचं दर्शन हवं होतं. नकाशावर या दोन जागांच्या दरम्यान, सोमनाथाच्या अलीकडे, दीव येतं. आमचा मार्ग असा ठरला, आणि आम्ही निघालो ते त्यांच्या कामासाठी. तुमच्या घरचं कारण दुसरं असेल. एखादा नवस असेल, सैन्यातल्या भावाची जुनी छावणी असेल, शाळेत वाचलेला एखादा किल्ला असेल. ते सापडलं की निम्मं काम झालं.

दुसरी अडचण माझ्यासारख्या लेकींना ठाऊक आहे. "लेकीच्या पैशावर कसं हिंडायचं?" यावर भांडू नका आणि त्यांना न कळता खर्चही करू नका. आमच्याकडे आप्पांनी कापसाच्या पैशातून रेल्वेची तिकिटं काढली, खोल्या आणि गाडी माझ्याकडे. त्यांनी दिलेले पैसे मी मान ठेवून घेतले. ते घेतले म्हणूनच आप्पा पुढे वाटेत मोकळे राहिले. चहा कुणी पाजायचा यावरूनही मग कधी ताण आला नाही. माझा दादा मागे राहिला, शेत आणि गुरं त्याच्यावर सोपवली. रोज संध्याकाळी तो आप्पांना फोनवर मोटर कधी चालवली, लाईट किती वेळ होती, हे सांगायचा. हा फोन रक्तदाबाच्या गोळीइतकाच वेळच्या वेळी हवा.

दिवस निवडताना शेतीच्या बाजूने बघा. कापूस घरात आला आहे, हरभरा घाट्यावर आहे, काढणीला अजून वेळ आहे, असा जानेवारीचा शेवट आम्हाला बरा पडला. संक्रांतीच्या आसपास सुरतेला पतंगांची गर्दी असते, ती टाळा. उन्हाळ्यात तर जाऊच नका. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. किनाऱ्यावर हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि म्हातारं माणूस नुसतं बसूनही गळून जातं.

सुरतेपर्यंत आपली तापी लाईन आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा असं करत चार-पाच तासांत गाडी पोहोचते. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, ते आप्पांनी खिडकीतून मायला दाखवलं. तिकिटाची एक गोष्ट लक्षात ठेवा. खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे (पुरुष ६० आणि बायका ४५ वर्षांपुढे) तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर लागू होतो. म्हणून आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा, आपलं वेगळं. सगळ्यांचं एकत्र काढलं की तो कोटा हातचा जातो आणि मग डब्यात अनोळखी माणसांची मनधरणी करावी लागते.

सुरतेत आमची फुई, म्हणजे आत्या, राहते, उधन्याला. खान्देशातल्या किती घरांचं कुणी ना कुणी तिकडे आहेच. पहिला मुक्काम नात्यातल्या घरी ठेवला याचा फार उपयोग झाला. ओळखीचं अंथरूण, ओळखीची बोली, ताटात भाकरी. प्रवासाची धास्ती तिथेच उतरते. सुरतेत पोहोचल्याबरोबर हॉटेलवर गेलो असतो तर माय पहिल्याच रात्री "घरी चला" म्हणाली असती.

डुमसला रविवार सोडून गेलो. तिथली वाळू काळी, पाणी गढूळ. पोस्टरमधला निळा समुद्र हवा असेल तर ही जागा नव्हे. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. आप्पा काठी टेकत ओल्या जागेपर्यंत गेले, वाकून चिमूटभर गाळ उचलला आणि शेतात माती बघतात तसा अंगठा-बोटात चोळला. म्हणाले, "चिकन शे." म्हणजे चिकण माती आहे. मग बराच वेळ हाजिऱ्याच्या दिशेने, नदीच्या मुखाकडे बघत उभे राहिले. मी खुर्ची आणायला निघाले तर हातानेच नको म्हणाले. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललं नाही हे बरं झालं. असे क्षण येतील तेव्हा पुढच्या ठिकाणाची घाई करू नका.

पुढचा टप्पा खंबातच्या आखाताला वळसा घालून जाण्याचा. सुरतेहून भावनगरकडे रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर. हाजिरा ते भावनगरजवळचं घोघा ही रो-पॅक्स फेरी (माणसं आणि गाड्या दोन्ही नेणारी बोट) ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली, तिने हेच अंतर समुद्रातून ९० किलोमीटरवर आलं. साधारण चार तास लागतात. वृद्धांना यात खरी सोय दोन गोष्टींची : उठून पाय मोकळे करता येतात आणि स्वच्छतागृह हाताशी असतं. मोटारीत आठ तास गुडघे मुडपून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बोट मोठी असल्याने हेलकावे कमी, तरी मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. हवामान बिघडलं तर फेरी रद्द होऊ शकते, म्हणून सुरतेत एक दिवस मोकळा धरा.

भावनगरजवळ कोळियाकला निष्कलंक महादेव आहे. समुद्राच्या आत खडकावर पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापलेली अशी श्रद्धा. भरतीत ती पाण्याखाली जातात, ओहोटी लागली की किनाऱ्यावरून चिखल आणि शेवाळलेल्या दगडांवरून चालत जायचं. तिथे भाद्रवी अमावास्येला मोठी जत्रा भरते. मायला जायचं होतं. मी तिला किनाऱ्यावर नेलं, वाट दाखवली, किती घसरते ते सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने थोडा वेळ जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघितलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि तिथूनच हात जोडले. आत पाण्यात उभा असलेला ध्वज तिला दिसत होता. "दर्शन व्हयनं," म्हणाली. 'तुला जमणार नाही' हे वाक्य आपण त्यांना ऐकवायचं नाही, एवढं मी कटाक्षाने पाळते. जागा दाखवावी, ठरवतात ते बरोबर.

भावनगर ते दीव हा मोटारीचा सगळ्यात लांबचा दिवस. आम्ही महुव्याला जेवणासाठी लांबलचक थांबलो. इथला कांदा नावाजलेला, त्यामुळे आप्पांना बोलायला विषय मिळाला आणि जेवणातही घरच्यासारखंच होतं. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि भाजलेल्या वांग्याचा ओळो. आपलं भरीतच ते, फक्त हात दुसऱ्याचा. काठेवाडात जेवणाची काळजी करू नका. गोड डाळ नको असेल तर आधी सांगा. तरीही डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) असू द्या. रात्री अवेळी भूक लागली की तेच लागतं.

दीव म्हणजे चाळीसेक चौरस किलोमीटरचं सपाट बेट, पुलाने जमिनीशी जोडलेलं. बोटीत चढण्या-उतरण्याची कसरत नाही. कोकणातल्या जलदुर्गांचा मोह मलाही होता, पण हलत्या होडीतून धक्क्यावर पाय टाकणं मायच्या गुडघ्यांना झेपण्यासारखं नव्हतं. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, त्यामुळे शनिवार-रविवार तिकडे गोंधळ असतो. सोमवार ते गुरुवार बेट शांत. एकच खोली घ्या आणि मुक्काम हलवू नका. फोनवरच विचारा : तळमजला आहे का, कमोड आहे का, न्हाणीत फरशी गुळगुळीत आहे का. मी तर प्लास्टिकचं स्टूल आणि रबरी पायपुसणं घरूनच नेलं होतं, रात्रीसाठी छोटा दिवाही. नव्या जागी म्हातारी माणसं पडतात ती बहुतेक रात्री न्हाणीघराकडे जाताना.

आता नागव्याचा किनारा. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, मागे दुफाट्या खोडांची, ताडाच्या जातीची होक्याची झाडं. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो, म्हणून सरळ ओल्या, घट्ट वाळूच्या पट्ट्यावर न्या. पाण्यात घोट्यापलीकडे नको. लाट मागे फिरते तेव्हा टाचेखालची वाळू सरकते आणि खाली बघणाऱ्याला जमीनच पळाल्यासारखी वाटते, चक्कर येते. मायला तसंच झालं. तिला म्हटलं, खाली बघू नको, लांब होडी दिसते आहे तिकडे बघ. दोन्ही बाजूंनी हात धरला, आणि ती स्थिर झाली. मग लहान मुलीसारखी प्रत्येक लाटेला हसत होती. लुगड्याचा ओला काठ पायात येतो, तो आधीच वर खोचून पिन लावा.

किल्ला आम्ही वेशीपासूनच पाहिला. पोर्तुगिजांनी १५३५ पासून बांधायला घेतलेला तो किल्ला १९ डिसेंबर १९६१ ला दीव मुक्त झालं तेव्हा आपल्याकडे आला. आप्पा तेव्हा शाळेत होते, गावात रेडिओभोवती जमलेली माणसं त्यांना अजून आठवतात. ते धक्क्यावरच्या बाकावर बसून पाणीकोठा हा पाण्यातला छोटा किल्ला बघत होते आणि मी ऐकत होते. ही गोष्ट मला त्याआधी माहीत नव्हती. गंगेश्वरालाही गेलो. खडकातली पाच लिंगं, भरतीची लाट येऊन त्यांना न्हाऊ घालते. थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात, सावकाश जमतं. बाकी वेळ आम्ही काही बघितलं नाही. सकाळी एक जागा, दुपारी झोप, संध्याकाळी किनारा. तुमच्या मुलांना हे कंटाळवाणं वाटलं तर त्यांना वेगळी रिक्षा करून द्या.

दीवहून सोमनाथ नव्वद किलोमीटरच्या आत. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, म्हणून आत जाण्याआधीच चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते नक्की करा आणि खिशात नाव-नंबराची चिठ्ठी ठेवा. हल्लीच्या मंदिरात ११ मे १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. जवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं जुनं मंदिर आहे. मायला तिथे जास्त वेळ बसावंसं वाटलं. गर्दी कमी, आणि 'आपल्या बाईने बांधलं' याचा आनंद तिच्या तोंडावर दिसत होता.

औषधांचं थोडक्यात : पंधरा दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं सोबत. वेरावळहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने सुरत, तिथून आपली लाईन. परतीला कुठेच थांबलो नाही, कारण थकवा शेवटी शेवटी चढतो.

घरी आल्यावर आप्पांनी दादाला डुमसचा गाळ कसा होता ते सांगितलं, मोटरचा हिशेब विचारला आणि मग मला म्हणाले, मुखाशी गेलो, आता उगम राहिला. मुलताईला तापी जयंतीला, आषाढ शुद्ध सप्तमीला, जत्रा असते आणि पावसाचेही दिवस असतात, म्हणून दिवाळीनंतरचं बघतो आहोत. मायने आताच सांगून ठेवलं आहे, कुंडाच्या पायऱ्या किती आहेत ते आधी विचारून घे.