ताकदीच्या गोळ्या

ती ओपीडीत आली ती बदकासारखी डुलत. एका हाताने सासूबाईंचा खांदा धरलेला. वय 26. दीड वर्षापासून माझ्याकडे ताकायासू आर्टेरायटिससाठी येते.

"मॅडम, हिचा आजार परत उफाळलाय," सासूबाई म्हणाल्या. "मांड्या, कंबर, बरगड्या, सगळं दुखतं. रात्री कूस वळवता येत नाही. आमच्याकडच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड दुप्पट केलं, तरी उतार नाही."

हा आजार मोठ्या रक्तवाहिन्यांचा. महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंतींना दाह होतो, त्या जाड होतात, आतली वाट अरुंद होत जाते. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले बदल मांडले, त्यांचं नाव याला पडलं. आशियातल्या तरुण बायकांमध्ये तो जास्त दिसतो. हिला कणीक मळताना डावा हात भरून यायचा, तिथून निदान झालं. डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. बीपी उजव्याच हाताला बघायचं, हे तिच्या फाईलवर लाल पेनाने लिहिलंय.

स्टिरॉइड वाढवणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दुखतंय म्हणजे आजार जागा झाला, असं कुणालाही वाटेल. मलाही पहिली पाच मिनिटं तेच वाटलं. पण रक्तातून दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी नॉर्मल होते. या आजारात तेवढ्यावर विसंबता येत नाही, म्हणून दीड महिन्यापूर्वीची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, परत काढून बघितली. नवीन अरुंदपणा कुठेच नव्हता.

"अगं, जरा खाली बसून उठून दाखव."

ती बसली. उठताना आधी दोन्ही तळहात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असे हात एकेक पायरी वर सरकवत स्वतःला उभं केलं. चेहऱ्यावर घाम आला होता. मी नडगीच्या हाडावर अंगठ्याने हलकंच दाबलं तर ती कळवळली. दुखणं स्नायूंत असेल, स्टिरॉइडने स्नायूही दुबळे होतात, अशी शंका तोवर मनात होती. पण स्टिरॉइडमुळे दुबळे झालेले स्नायू सहसा दुखत नाहीत, आणि हाड असं हुळहुळं होत नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आले. व्हिटॅमिन डी 6 नॅनोग्रॅम. 20 च्या खाली आम्ही कमतरता धरतो. कॅल्शियम 7.9, तेही कमीच. हाडं अशी मऊ पडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज तिप्पट. कमरेच्या एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या मानेवर आडवी फिकट रेघ. मऊ पडलेल्या हाडात अशी रेघ उमटते. ऑस्टिओमलेशिया. हाड होतं, पण त्यात कॅल्शियम नीट भरलंच जात नव्हतं.

मी विचारलं, "कॅल्शियमच्या गोळ्या आणि डीची पुडी चालू आहे ना?"

ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "त्या ताकदीच्या गोळ्या ना? त्या बंद केल्या. मेन गोळ्याच किती महाग पडतात."

आणि ऊन? ते तर कधीच बंद झालं होतं. स्टिरॉइडने चेहरा गोल झाला, गालांवर लव आली, शेजारणी विचारायला लागल्या, तेव्हापासून ती घराबाहेर पडेना. खिडकीशी बसते म्हणाली, पण काचेतून येणाऱ्या उन्हाने त्वचेत डी तयार होत नाही. नाचणीची भाकरी रोज खात होती बिचारी. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण ते आतड्यातून रक्तात ओढून घ्यायला डी लागतं, आणि स्टिरॉइड त्याच शोषणाला आणखी अडवतं. दुप्पट केलेला डोस तिच्या हाडांवरच घाव घालत होता.

रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या पेशंटमध्ये डी कमी सापडतं, हे आम्हाला माहीत आहे. ते आजाराला हातभार लावतं की आजारपणाने, घरात कोंडून राहिल्याने कमी होतं, यावर वाद घालता येईल. डीने रक्तवाहिनी उघडेल असं मी तिला सांगितलं नाही. पण दीड वर्षात मी तिला, दिवस कसा घालवतेस, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. प्रिस्क्रिप्शनच्या तळाला घाईत लिहिलेली ती ओळ तिला बिनमहत्त्वाची वाटली, यात तिची काय चूक?

60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधातून. कॅल्शियम रोज. दर थोड्या दिवसांनी रक्तातलं कॅल्शियम तपासायचं. घाईने इंजेक्शनांवर इंजेक्शनं घ्यायची नाहीत, डी जास्त झालं तर किडनीला महागात पडतं. स्टिरॉइड एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने खाली. आणि अकरानंतर गच्चीवर, बाह्या वर करून, पोटऱ्या उघड्या ठेवून थोडा वेळ. गच्चीवर शेजारणी नाहीत, हे सासूबाईंनीच सुचवलं.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा मी काही सांगायच्या आत खाली बसली आणि हात न टेकता उठली. सासूबाईंनी पिशवीतून कॅल्शियमची अर्धी संपलेली स्ट्रिप काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी उजव्या हाताला बीपीचा पट्टा बांधला.