उंबरठा ओलांडायच्या आधी

मंगळवार, रात्री

आज डहाणूकर कॉलनीतल्या आजोबांकडे चालण्याचा सराव झाल्यावर वॉकर उलटा करून पाहिला. पुढच्या दोन पायांचे रबरी बूट पार झिजलेत, एकातून तर ॲल्युमिनियमचा पाइप बाहेर डोकावतोय. घरात गुळगुळीत फरशी, बाथरूमच्या दाराशी कायम ओल, आणि माणूस खुब्याचं ऑपरेशन होऊन नुकता चालायला लागलेला. आजोबा पाणी पीत होते तेवढ्यात मी फोनमध्ये टाकलं: ‘डहा. आजोबा, वॉकरचे रबर 4, पाइप 25 मिमी, पेठेत गेले की सर्जिकलमधून घेणे, गुरुवारच्या आत.’ मग चप्पल घातली.

हा क्रम मी मोडत नाही. पेशंटच्या घरात सुचलेलं काम त्याच घरात लिहायचं, उंबरठा ओलांडायच्या आधी. जिन्यात नाही, पार्किंगमध्ये नाही. कारण जिना उतरेपर्यंत पुढच्या पेशंटचा फोन येतो, गाडीपाशी पोचावं तर कुणीतरी मागे आडवी गाडी लावलेली असते, आणि कर्वे रोडला लागलं की नळ स्टॉपपर्यंत डोक्यात फक्त ट्रॅफिक. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही हे तर ठरलेलंच. मग मधल्या वेळात ते रबर राहणार कुठे?

उंबरठ्याचं म्हणणं माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडवान्स्की यांनी सहकाऱ्यांबरोबर 2011 मध्ये प्रयोग छापले होते: एका खोलीतून दारातून दुसऱ्या खोलीत गेलेली माणसं, तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललेल्यांपेक्षा जास्त विसरतात. जागा बदलली की मेंदू आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतो, असा त्यांचा अर्थ. पुढे 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात हेच पुन्हा तपासलं, तेव्हा नुसत्या दाराने फारसं काही होत नाही असं दिसलं. पण सोबत मोजण्याचं काम देऊन डोकं गुंतवून ठेवलं, की दार ओलांडल्यावर चुका वाढल्या. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त पटतो. माझ्या डोक्यात दिवसभर काहीतरी मोजणं चालूच असतं: दहा वेळा गुडघा सरळ, पाच सेकंद धरा, सोडा.

लिहिताना वर्गवारी मात्र करत नाही. कुठली यादी, कुठलं लेबल, किती तातडीचं, हे विचारणारी ॲप्स मी काढून टाकली. होम स्क्रीनवर एकच खूण, दाबली की कोरी ओळ. आजींचा हात एका हाताने धरलेला असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जेवढं जमतं तेवढंच टिकतं. पावसात बोट स्क्रीनवर नीट चालत नाही तेव्हा बोलून लिहिते. मराठी ठीकठाक उमटतं, फक्त औषधांची नावं भलतीच येतात, ती लगेच दुरुस्त करावी लागतात. पेशंटचं पूर्ण नाव आणि आजार एकत्र कधीच लिहीत नाही. फोन हरवू शकतो आणि ती माहिती माझी नाही.

ओळीत क्रियापद हवंच. नुसतं ‘रबर’ लिहिलं तर रात्री त्याचा अर्थ लावत बसावं लागतं. काय करायचं, कुठे, कधी, एवढं आलं की मन खरंच ते काम खाली ठेवतं. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या अभ्यासात हेच दिसलं होतं. माणसं काही वाचत असताना त्यांची अर्धवट राहिलेली कामं मध्येमध्ये डोकं वर काढत होती, पण ज्यांना त्या कामाचा नेमका बेत लिहू दिला त्यांचा त्रास थांबला. काम झालेलं नव्हतं, फक्त बेत झाला होता. पेशंटसमोर बसल्यावर माझं सगळं लक्ष त्याच्या पावलांवर असावं, आधीच्या घरातल्या वॉकरवर नसावं, याची मला फार काळजी असते. लिहिणं मुख्यतः त्यासाठीच.

रात्री जेवण झाल्यावर ही यादी रिकामी करते. वेळेची कामं कॅलेंडरमध्ये, फोन करायचे ते एकत्र, पेठेतली खरेदी एकत्र. हे एक दिवस जरी टाळलं तरी दुसऱ्या दिवशी मन पुन्हा स्वतःच सगळं धरून ठेवायला लागतं. विश्वास असा लगेच उडतो.

हल्ली पेशंटच्या घरच्यांनाही सांगायला लागले आहे. एरंडवण्याच्या आजींची सून एकदा म्हणाली, “ताई, तुम्ही आलात की एकही प्रश्न आठवत नाही बघा. तुम्ही गेलात की सगळे आठवतात!” तिला म्हटलं, फ्रिजवर कागद लाव, शेजारी दोरीने पेन्सिल बांध, आणि जे मनात येईल ते त्याच क्षणी लिही, अक्षर कसंही असो. आज गेले तर कागदावर तीन ओळी होत्या. गरम शेक किती वेळ द्यायचा. पट्टा रात्री काढायचा का. आणि तिसरी, तिरक्या घाईच्या अक्षरात: ‘बीपीची गोळी बदलल्यापासून सकाळी उठताना चक्कर.’

आजी स्वतः हे कधीच बोलल्या नसत्या, त्यांना उगाच कुणाला त्रास द्यायला आवडत नाही. आडवं असताना आणि मग उभं केल्यावर, असं दोन्ही वेळा बीपी घेतलं. उभं राहिल्यावर चांगलंच उतरत होतं. उभ्याचे व्यायाम आज थांबवले. पलंगाच्या कडेला आधी दोन मिनिटं बसायचं, घोटे वरखाली हलवायचे, मग कुणाचा तरी हात धरून उठायचं, हे दोघींकडून करून घेतलं. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. गोळीचं ते उद्या सकाळी बघणार आहेत.