स्विफ्टची चाकं: १४ वरून १५, आणि १६ का नाही

चाकं बसली एकदाची. गाडी मारुती स्विफ्ट, व्हीएक्सआय व्हेरिएंट, २०१८ साली आलेल्या पिढीतली. आधी लोखंडी डिस्कवर (साध्या चाकांवर) १६५/८० आर१४ टायर होते, आता १५ इंची ६जे (सहा इंच रुंद) अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांवर, १८५/६५ आर१५ आहेत. पुणे-सातारा रस्ता, ताम्हिणीतून कोकण आणि रोजचं शहर, एवढं या गाडीचं काम. या नोंदीत माप कसं ठरवलं ते सविस्तर लिहितो, कारण अलॉयची डिझाइन सगळेच दाखवतात आणि आकडे फार कमी जण मांडतात.

सुरुवात टायरच्या एकूण व्यासापासून. १६५/८० आर१४ मध्ये १६५ ही मिमीतली रुंदी, ८० ही टक्केवारी आणि १४ हे रिमचे इंच. रुंदीला टक्केवारीने गुणलं की एका बाजूची साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची मिळते. ती दुप्पट करायची आणि रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवायचे. १६५/८० आर१४ ला साइडवॉल १३२ मिमी आणि व्यास ६१९.६ मिमी. १८५/६५ आर१५ चा व्यास येतो ६२१.५, म्हणजे जेमतेम ०.३ टक्के फरक. मारुती याच पिढीच्या झेडएक्सआय या वरच्या व्हेरिएंटला हेच माप द्यायची, ते उगीच नाही. १९५/६० आर१५ होतो ६१५, तोही चालण्यासारखा. १९५/६५ आर१५ मात्र ६३४.५ वर जातो. मूळ मापापेक्षा २.४ टक्के मोठा, म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा २.४ टक्के जास्त वेगाने धावत असेल, आणि चाकावरच्या कमानीतली जागा कमी होईल ती वेगळीच. दुकानात हा टायर सहज मिळतो म्हणून बरेच जण घालतात. मी नाही घालणार.

आता १६ चं बघू. टायरवाले काका म्हणाले, "सोळा टाका साहेब, गाडी भरलेली दिसते." दिसते, यात वादच नाही. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९, म्हणजे कागदावर अगदी चपखल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८७, म्हणजे एका टायरवर ५४५ किलो. मूळ टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो. तिथेही अडचण नाही. अडचण साइडवॉलची आहे. १३२ मिमीवरून ती १०७ वर येते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये जे रबर आणि हवा असते, त्यातले २५ मिमी गेले. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. ताम्हिणीत तर डांबराची कड तुटून वळणावरच खाच पडलेली असते. अशा ठिकाणी साइडवॉल चिमटली की आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो थेट बदलावाच लागतो. १५ वर १२० मिमी साइडवॉल राहते. १२ मिमी देऊन वळणावरचा नेमकेपणा घ्यायला मी तयार होतो, २५ द्यायला नाही.

वजनाचाही विचार केला. अलॉय म्हणजे हलकं, असं आपण धरूनच चालतो. पण साध्या कास्टिंगची मोठ्या मापाची चाकं लोखंडी डिस्कपेक्षा जड निघू शकतात. चाकाचं वजन सस्पेन्शनच्या खाली असतं, त्यामुळे ते रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्यात जाणवतं आणि पिकअपमध्येही. म्हणून दुकानातच काट्यावर ठेवून बघा. कोणी नाही म्हणत नाही.

रिमची रुंदी ६जे. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते, त्यामुळे ६ आरामात बसते. ७जे वर हा टायर ताणून बसवणारे आहेत, पण तिथे रिमची कडच रस्त्याला सगळ्यात आधी भेटते.

ऑफसेटवर (ईटी: चाक हबला टेकतं तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे) सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि घालवावाच. सारख्याच रुंदीच्या रिमवर ईटी४५ ऐवजी ईटी३५ घेतलं की चाक सरळ १० मिमी बाहेर येतं. रुंदीही बदलली तर हिशोब वाढतो: ६जे ईटी४५ वरून ६.५जे ईटी३८ वर गेलात तर बाहेरची कड सुमारे १३ मिमी पुढे येते आणि आतली जवळपास जागच्या जागी राहते. चाक बाहेर आलं की चिखल आणि खडी दरवाजांवर उडते, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं. मी मूळ डिस्कच्या मागचा कोरलेला आकडा वाचला आणि त्याच्या शक्य तितकं जवळचं चाक घेतलं. आतल्या बाजूला शॉकॲब्सॉर्बरपर्यंत जागा किती उरते, हे मोजायला टायरवर कणकेचा गोळा चिकटवला, चाक हाताने फिरवलं आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली. फीलर गेजपेक्षा (फट मोजायच्या पात्यांपेक्षा) हे सोपं पडतं. नंतर चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पार्किंगच्या उतारावरून गाडी नेली. कुठेही घासत नाही.

पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ४×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं. हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग) ५४.१ मिमी, नट एम१२×१.२५ (१२ मिमी जाडी, १.२५ मिमी आट्याचं अंतर). यातलं हबचं माप दुकानात क्वचितच कोणी विचारतं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ६७.१ किंवा ७३.१ मिमी असतं. मधली फट हबरिंगने (हबवर बसणाऱ्या कड्याने) भरली नाही तर चाक फक्त नटांवर मध्यावर येतं, आणि मग हायवेला बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही. मी रिंगा घालूनच घेतल्या. आठ भोकांची, दोन पीसीडीची चाकंही टाळली. आणि जुन्या फियाट पुंटो-लिनियाची ४×९८ ची चाकं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. नट चार आटे धरतो, बसलं असं वाटतं, पण ते तिरकं बसलेलं असतं.

टायर घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघितला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर एकाच वर्षाचे मिळेपर्यंत थांबलो. बसवल्यावर थोडं अंतर चालवून नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, अलाइनमेंट करून घेतली, विमा कंपनीला अलॉयची माहिती दिली. स्टेपनी जुनीच, लोखंडी १४ ची. व्यास जवळपास सारखा असल्यामुळे तेवढ्यापुरती चालते. फक्त लोखंडी डिस्कचे नट टूलकिटमध्ये वेगळे ठेवलेत.

चालवताना फरक असा: कात्रजच्या वळणांवर पुढचा भाग आधीसारखा लोळत नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक जास्त विश्वासाने दाबता येतो. कमी वेगात स्टिअरिंग किंचित जड झालंय, आणि रम्बल स्ट्रिपवर आवाज थोडा जास्त येतो. हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्येच भरतोय. पावसाळा संपला की चारही टायरची नक्षी आतून-बाहेरून मोजून रोटेशन करणार आहे. पुढच्या टायरांची बाहेरची कड जास्त झिजलेली दिसली तर अलाइनमेंटचे आकडे पुढच्या नोंदीत टाकतो.